वारा, डोंगर आणि १९६२ची ती रात्र

पावसाळ्यात डिंभे धरणाच्या भिंतीजवळ उभे राहिले की सह्याद्रीचा माथा ओलांडून आलेला पश्चिमेचा वारा उतारावरून खाली कोसळतो. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर अलितालियाचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले, हे कळल्यापासून मी कित्येक वर्षे त्याचा दोष याच वाऱ्याला देत होतो.

सिडनीहून निघालेले हे विमान बँकॉकमार्गे मुंबईकडे येत होते. त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले.

वाऱ्याचा धोका खोटा नव्हे. वादळी ढगातून पावसाने गारठलेली जड हवा वेगाने खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तीत शिरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा मिळतो, ते उचलले जाते. क्षणात तोच वारा पाठीमागून येतो आणि पंखांचा आधार सुटतो. १९७५मध्ये न्यूयॉर्कला ११३ बळी घेणाऱ्या अपघाताचा अभ्यास करताना तेत्सुया फुजिता यांनी हे ओळखले.

जुन्नरच्या चौकशीचा निष्कर्ष मात्र वेगळा होता. मुंबई जवळ आली, असा वैमानिकाचा चुकीचा अंदाज झाला आणि अंधारात त्याने विमान वेळेआधीच खाली आणले. विमानतळ अद्याप घाटापलीकडे, कोकणच्या सपाटीवर होता.

वाऱ्यावर ठपका ठेवणे सोपे. त्याला साक्ष द्यावी लागत नाही. आजही धरणावर तो अंगावर येतो तेव्हा भय वाटते. पण त्या ९४ जणांचा हिशेब मी आता त्याच्याकडे मागत नाही.