ग्योंगजूचा ह्येचो आणि आपली लेणी

छत्रपती संभाजीनगर

चि. चिऊ हिस,


तुझ्या कोरियातल्या लॅबमधल्या मैत्रिणीचा प्रश्न तू फोनवर सांगितलास. आमचा ह्येचो तुझ्या मामाला कसा ठाऊक, आणि सोलच्या उंच इमारती सोडून त्याने अख्ख्या घराला ग्योंगजूला का नेलं? फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तिला वाचून दाखव. जिथे अडशील तिथे मला विचार.

सुरुवात आपल्या घरापासूनच होते. बीबी का मकबऱ्याच्या मागे, विद्यापीठाच्या अंगाला जो डोंगर आहे, त्यातली लेणी तू लहानपणी पाहिली आहेस. गावाला एवढी जवळ असूनही तिथे फार कोणी जात नाही. परदेशी ग्रुप येतात ते अजिंठा आणि वेरूळ करून परत फिरतात. मी गाईडचं काम करत होतो तेव्हा एखाद्या ग्रुपकडे दोन-तीन तास उरले तर मी आपणहून विचारायचो, आमच्या गावातली लेणी बघायची का? कोरियातल्या भिक्षुणींचा एक ग्रुप असाच तिकडे आला.

सातव्या क्रमांकाच्या लेण्यात, दाराशेजारच्या भिंतीवर एक मोठं शिल्प आहे. मधे अवलोकितेश्वर उभा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटी छोटी दृश्यं. कुठे आग लागली आहे, कुठे तलवार उगारलेली आहे, कुणाच्या पायात बेड्या, कुणावर सिंह धावून येतोय, कुणावर साप, कुणावर हत्ती. एका चौकटीत जहाज बुडतंय. प्रत्येक ठिकाणी संकटातला माणूस हात जोडून त्याच्याकडे बघतो आहे. तेव्हाच्या प्रवासाला निघालेल्या व्यापाऱ्याला, भिक्षूला जी जी म्हणून भीती वाटायची ती सगळी तिथे कोरलेली आहे. मी हे समजावून सांगायच्या आतच त्या बायका तिथे थांबल्या आणि हलक्या आवाजात एकच नाव घेऊ लागल्या: क्वानसेउम बोसाल, क्वानसेउम बोसाल. त्यांचा तो रोजचा देव. त्यांना माझी गरजच उरली नाही. बाहेर कट्ट्यावर बसल्यावर त्यांच्यातल्या वयाने मोठ्या भिक्षुणींनी दुभाष्याकरवी मला विचारलं, ह्येचो या बाजूला आला होता, तुम्हाला माहीत आहे? मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं आणि मग मी ते नाव सोडलंच नाही. जे मिळेल ते वाचत गेलो.

ह्येचो हा कोरियातल्या सिल्ला राज्यातला भिक्षू. सिल्लाची राजधानी म्हणजेच आजचं ग्योंगजू. तरुणपणीच तो चीनला गेला, तिथून समुद्रमार्गे भारतात आला, आणि पूर्व, मध्य, दक्षिण, पश्चिम, उत्तर असा सगळा देश पायी हिंडून मध्य आशियातून ७२७ मध्ये कुचाला, म्हणजे चीनच्या पश्चिम ठाण्यावर पोहोचला. त्याने प्रवासाची हकिगत लिहून ठेवली होती. ती पुढे हरवली. १९०८ मध्ये पॉल पेलियो या फ्रेंच अभ्यासकाला दुनहुआंगच्या लेण्यातल्या कागदांच्या ढिगात तिची एक प्रत सापडली. सुरुवात गेलेली, शेवट गेलेला, मधला भाग तेवढा शाबूत. ती आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

त्या उरलेल्या भागात तो राजांचे हत्ती मोजतो, कायदा कसा चालतो ते लिहितो, आणि मला सगळ्यांत आवडतं ते हे, की तो ताटात काय असतं तेही लिहितो. भात, भाकऱ्या, भाजलेल्या धान्याचं पीठ, लोणी-तूप, दूध, दही. मातीच्या भांड्यात शिजवतात, लोखंडी कढया नाहीत. आणि पुढे एक छोटी नोंद आहे: इथे जांग नाही, पण मीठ आहे. जांग म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली ती चटणी-रस्सा, जिच्याशिवाय तुझ्या मेसमधलं एकही जेवण होत नाही. तेराशे वर्षांपूर्वीचा एक कोरियन मुलगा आपल्याकडे जेवायला बसलाय आणि त्याला जांगची आठवण होतेय. तू पहिल्या थंडीत फोन करून कारळाची चटणी पाठवा म्हणाली होतीस ना, तेव्हा मला हीच ओळ आठवली होती.

दक्षिणेच्या राज्यात डोंगरातला एक मोठा विहार त्याने वर्णन केला आहे. खांब डोंगरातच कोरलेले, मजले तीन, नागार्जुनाने तो माणसांकडून नाही तर यक्षांकडून बांधून घेतला असं लोक सांगत. हे ऐकलं की ग्रुपमधला कोणीतरी लगेच विचारायचा, म्हणजे हे वेरूळचं बारावं लेणं, तीन ताल? मी कधीही हो म्हटलं नाही. ह्येचोने वर्णन केलेला विहार ओसाड पडला होता, आणि तीन ताल त्या काळात नुकतं कुठे घडत होतं. पण डोंगर पोखरून तीन मजले उभे करणारे लोक या मुलखात आहेत हे त्याच्या वहीत आलं, एवढं मला पुरेसं आहे.

त्याच दक्षिणेच्या मुक्कामात त्याने घराच्या आठवणीची एक कविता लिहिली आहे. चांदणी रात्र, वर ढग चाललेत, त्यांच्याबरोबर पत्र धाडावं तर वारा थांबत नाही, आणि ग्येरिमला निरोप नेणारं कोणी नाही, असा तिचा भाव. ग्योंगजूला चेओमसोंगदेच्या त्या दगडी वेधशाळेकडून आपण पुढे चालत गेलो, जुन्या वाकड्या झाडांचं बन लागलं, आणि मी एकदम गप्प झालो तेव्हा तू विचारलंस, मामा दमलास का? त्या बनाचं नाव ग्येरिम. तिथे झाडावर सोन्याची पेटी सापडली, खाली पांढरा कोंबडा आरवत होता आणि पेटीत बाळ होतं, अशी किम घराण्याची कथा आहे. सिल्लाला लोक त्याच नावाने ओळखत. आपल्या बाजूच्या चांदण्यात बसून त्याने ज्याची आठवण काढली ते गाव मी पायाखाली तुडवत होतो. ह्येचो स्वतः मात्र तिथे परतला नाही. उरलेलं आयुष्य त्याचं चीनमध्येच गेलं.

आता सोक्कुराम. तोहाम डोंगरावर ती वळणावळणाची बस, मग झाडीतली मातीची वाट, आणि शेवटी काचेआडचा तो बुद्ध. तुझ्या मामेभावाला पाच मिनिटांत कंटाळा आला. मी हलत नव्हतो. कारण मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की लेणं बांधत नाहीत, लेणं खोदतात. दगड काढून टाकत जायचं, जे उरतं ते लेणं. सोक्कुराममध्ये नेमकं उलट आहे. कोरियाचा डोंगर ग्रॅनाइटचा. आपल्या बेसाल्टमध्ये जसं मोठ्ठं दालन आत आत नेत जाता येतं तसं त्यात नेणं महाकठीण. म्हणून त्यांनी ग्रॅनाइटचे घडीव चिरे एकमेकांत बसवून गोल गाभारा केला, वर घुमट चढवला, बाहेरून माती लोटली आणि डोंगरात लेणं तयार केलं. नसलेलं लेणं हवंच होतं त्यांना. देव राहणार तर डोंगराच्या पोटात, ही आपल्याकडची कल्पना चीनमार्गे इतक्या दूर पोहोचली आणि दगड जुमानेना तरी त्यांनी ती सोडली नाही, याचं मला केवढं अप्रूप वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

आत जाताना दोन्ही बाजूंना द्वारपाल होते ते आठवतात? पुढे भिंतीवर वज्र घेतलेला इंद्र आणि पाण्याचं भांडं घेतलेला ब्रह्मदेव. मूर्तीच्या पाठीमागे, आपल्याला काचेतून दिसला नाही, तो अकरा मुखांचा अवलोकितेश्वर. आपल्या सातव्या लेण्यातलाच. आणि मधला बुद्ध भूमीला बोटांनी स्पर्श करून पूर्वेच्या समुद्राकडे बघतोय.

किम देसोंग नावाच्या मंत्र्याने ७५१ मध्ये हे काम सुरू केलं, असं तेराव्या शतकातल्या ‘साम्गुक युसा’ या ग्रंथात आहे. खालचं बुल्गुक्सा मंदिर त्याने या जन्मीच्या आईवडिलांसाठी बांधलं आणि सोक्कुराम मागच्या जन्मीच्या आईवडिलांसाठी. आजीला हे सांगितलं तर तिने तिथेच पदर डोक्यावर घेऊन नमस्कार केला. आता तारखा बघ. इकडे वेरूळला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, साधारण ७५६ ते ७७३. त्याच्याच काळात कैलास लेणं शिखरापासून खाली उतरत कोरलं जात होतं. म्हणजे एकाच पिढीत इथले कारागीर डोंगर काढून टाकून देऊळ मोकळं करत होते आणि तिथले कारागीर चिरे जोडून डोंगर तयार करत होते. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. कुठल्या एका देशाची थोरवी सांगायला मी हे लिहीत नाही, पण हे दोन्ही डोळ्यांनी बघायला मिळालं त्याचं समाधान मोठं आहे.

काच का, असं तू विचारलंस. जपानी अमलात १९१३ पासून दोन वर्षं त्यांनी सगळे चिरे उतरवून पुन्हा रचले आणि भोवती काँक्रीट घातलं. दगडांच्या फटींतून हवा खेळायची ती बंद झाली, आत पाणी सुटू लागलं, शेवाळ धरलं. १९६०च्या दशकात पुन्हा मोठी दुरुस्ती झाली. तेव्हापासून आतली हवा यंत्राने कोरडी ठेवावी लागते. अजिंठ्यातही माणसांच्या श्वासाच्या दमटपणाने चित्रं खराब होतात, म्हणून तर काही लेण्यांत एका वेळी मोजकेच लोक सोडतात. काच बघून तुझी मामी हळहळली, मला मात्र काच लावणाऱ्यांबद्दल आदरच वाटला.

जेवणाचं सांगायलाच हवं, कारण तुझ्या मैत्रिणीला आजीची गंमत वाटली होती. आजीने धपाट्यांचा डबा बांधून घेतला होता म्हणून निभावलं. कारण तिथे किमचीत माशांचा नाहीतर कोळंबीचा खार, रश्शात सुके मासे, भाजीत लसूण. पानात भात गुंडाळून खायचं ते साम्बाप तिला आवडलं, पण शेजारच्या बशा ती संशयाने बाजूला सारत होती. लाल बीन्सचं गोड पुरण भरलेला ह्वांगनामचा तो पाव, १९३९ पासून करतात म्हणे, त्यात अंडं, म्हणून तोही नाही. आणि मग तू आपल्याला गोल्गुल्सात नेलंस. तिथली कथा अशी की सहाव्या शतकात भारतातून आलेल्या भिक्षूंनी तो डोंगर कोरून मठ केला. तिथला दगड मऊ आहे, म्हणून तिथे खरंच लेणी खोदता आली.

तिथल्या पंगतीत आजी पहिल्यांदा पोटभर जेवली. मठाच्या स्वयंपाकात मांस-मासे नाहीत, आणि कांदा-लसणासकट पाच उग्र गोष्टी वर्ज्य. आजी चातुर्मासात तेच पाळते, म्हणून तिने लगेच मान डोलावली. त्या पाचांत हिंगही आहे, हे मला तिथल्या भिक्षूंनी सांगितलं. चिऊ, कोरियात हिंग पिकत नाही, त्यांच्या स्वयंपाकात तो कधी नव्हता. तरी जो पदार्थ घरात येणारच नाही तो खायचा नाही असा नियम शतकानुशतकं पाळला जातोय, कारण तो नियम हिंग खाणाऱ्या देशातून ग्रंथांबरोबर आला. आपण मात्र चातुर्मासातही हिंगाची फोडणी देतोच. आजी म्हणाली, त्यांचं सोवळं आपल्यापेक्षा कडक.

पण तिचे डोळे भरून आले ते शेवटी. भिक्षूंनी एकात एक बसणाऱ्या चार वाडग्यांत जेवण घेतलं, कण न टाकता संपवलं, मग त्याच वाडग्यांत पाणी घालून मुळ्याच्या फोडीने आतून पुसलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. तू तेव्हा तिला विचारलंस आणि ती काही बोलली नाही. मला रात्री बोलली. तिची सासू असंच ताट धुऊन प्यायची. बाहत्तरच्या दुष्काळात आपल्या वाड्यात मिलो ज्वारीच्या लाल भाकरी व्हायच्या, पाणी दोन मैलांवरून यायचं, आणि पणजी पोरांना ताटात हात धुऊ द्यायची नाही. ‘हे लोक आपले वाटतात गं बाई,’ असं ती आजही शेजारणीला सांगते. मराठवाड्याच्या बाईला याहून मोठी ओळख कुठली पटणार?

तर मैत्रिणीला हे सगळं सांग, आणि डिसेंबरात तू येशील तेव्हा तिलाही घेऊन ये. आता शेंद्र्याला ह्योसंग या कोरियन कंपनीचा धाग्याचा कारखाना असल्यामुळे गावात कोरियन माणूस दिसला तर कोणी वळून बघत नाही, तिला अवघडल्यासारखं होणार नाही. सोमवारी अजिंठा बंद असतो आणि मंगळवारी वेरूळ, तेवढं बघून तिकिटं काढा. पहिल्या दिवशी सकाळी आपल्या गावातल्या सातव्या लेण्यातच जाऊ, कारण तिथे बुडणारं जहाज बघितल्याशिवाय ह्येचोचा प्रवास नीट कळत नाही. दुपारी खुलताबादची इमरती. नान खलिया ती खात असेल तर तुझा मामेभाऊ तिला शहागंजकडे नेईल. आजीने आत्ताच विचारून ठेवलंय की ती चुलीवरची भाकरी खाईल ना. आणि येताना मठात करतात तसली, लसूण आणि मासे नसलेली किमची मिळाली तर छोटी बरणी आण. आजीला वरणभाताबरोबर खाऊन बघायची आहे.

तब्येतीला जप. थंडीत नाश्ता चुकवू नकोस.

तुझा,
मामा