वेगळी चूल

‘वेगळी चूल मांडली’ हे शब्द आमच्या घरात नेहमी आवाज उतरवून उच्चारले जात. त्यांत भांडण असे, वाटणी असे, आजीचे पदराने डोळे टिपणे असे. संगणकाच्या जगात मात्र वेगळी चूल हे शहाणपणाचे लक्षण मानतात, हे कळले तेव्हा मला मोठी मौज वाटली.

माझी भाची अकरावीत आहे. पायथॉन शिकते. घरात लॅपटॉप एकच. तो तिचा आणि थोरल्या भावाचा. पावसाच्या आकड्यांचे आलेख काढणारा तिचा प्रकल्प तीन आठवडे सुरळीत चालला होता. एका रात्री भावाने आपल्या कामासाठी कसलेसे पॅकेज बसवले. त्याच्या पाठोपाठ नमपायची २.० ही आवृत्ती, २०२४ च्या जूनमध्ये आलेली, आपसूक घरात शिरली. आणि आधीच्या आवृत्तीवर बेतलेले भाचीचे एक पॅकेज सकाळी रुसून बसले. पडद्यावर चुकांचा नुसता सडा! पोरीने लॅपटॉप मिटला नि म्हणाली, ‘‘मामा, हे माझ्या डोक्यातलं काम नाही.’’

मला धास्ती वाटली ती या वाक्याची. मुरलेला माणूस यंत्राला शिव्या देतो; नवशिका स्वतःच्या बुद्धीला. शेजारच्या पातेल्यातले मीठ आपल्या आमटीत पडले आहे, हे त्याला कोण सांगणार?

तोडगा पायथॉनच्या पोटातच आहे, २०१२ साली आलेल्या ३.३ या आवृत्तीपासून. त्याचे नाव ‘व्हेन्व्ह’. (उच्चार करून पाहा; शिंक आल्यासारखे वाटते.) प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एका ओळीची आज्ञा दिली की पॅकेजांसाठी निराळे फडताळ तयार होते. ते ‘ॲक्टिव्हेट’ केले की टर्मिनलच्या ओळीआधी कंसात त्याचे नाव झळकते. मग पिपकडून जे मागवाल ते त्याच फडताळात पडते. मूळ पायथॉन मात्र सामाईकच. म्हणजे चुली वेगळ्या, विस्तव एक! आमच्या काकांना हे साधले असते तर!

हा धडा पहिल्याच दिवशी द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ ने तर पिपला सामाईक स्वयंपाकघरात शिरण्यास एरवी मज्जावच केला.

भाचीने आपल्या फडताळात नमपायची २.० पूर्वीची आवृत्ती मागवली. आलेख उमटला. मग तिने पॅकेजांची यादी आवृत्तींसकट एका फाइलीत उतरवून घेतली आणि ते अख्खे फडताळच पुसून टाकले. मी हां हां म्हणेपर्यंत!

‘‘यादी आहे ना, मामा,’’ ती म्हणाली. दोन मिनिटांत सारे पुन्हा जागच्या जागी.

भाऊ मागे उभा राहून पाहत होता. ‘‘मलाही मांडून दे की.’’

‘‘मांडून नाही देणार,’’ ती सरकून जागा करीत म्हणाली, ‘‘दाखवते. बस इथं, दादा.’’