रंगीत तालीम

अव्वाने, माझ्या आईने, साडी अंगाला लावून बघितली नाही. नुसता पदर बोटांत धरला, उलटा केला, मागचे सुटे धागे अंगठ्याने चाचपले आणि म्हणाली, "एक पाणी पडू दे, मग कळतंय हिचं सोंग." दुकानातला माणूस हसला. त्याने ती साडी बाजूला सारून वरच्या फळीवरची थप्पी ओढली. सोलापूरच्या नवी पेठेतल्या त्या दुकानाच्या पांढऱ्या गादीवर आम्ही सकाळी साडेअकरापासून बसून होतो. आता दोन वाजत आले होते. नवरीचा शालू ठरायचा होता आणि नवरी पुण्यात ऑफिसात होती. मधूनच ती फोनच्या पडद्यावर यायची, "आत्या, हा नको," म्हणायची आणि मीटिंगला जायची.

पुण्यातच घेऊ, असं तिचं म्हणणं होतं. दादाही तयार झाला होता. अव्वाने मात्र जेवता जेवता विषय मिटवला होता. "साडी कुठली पण घ्या. बस्ता नवी पेठेत."

बस्ता म्हणजे लग्नाची खरेदी, असं सांगितलं की अर्थ कळतो, पण गोष्ट कळत नाही. सुपारी फुटली तरी लग्न ठरतं तेवढंच. बस्ता बांधला की ते उभं राहतं. दोन्हीकडची माणसं पहिल्यांदा एका गादीवर मांडीला मांडी लावून बसतात. कोणाला मानाची साडी, कोणाला नुसता आहेर, मामाच्या बायकोची साडी काकूच्या साडीपेक्षा दोनशेने जास्त की कमी, हे सगळं तिथे उघड होतं. व्याह्यांकडच्या थोरल्या काकूंना रामा रंग चालत नव्हता, त्यांच्या धाकट्या जावेला तोच हवा होता. दोघी अर्धा तास एकमेकींशी बोलल्या नाहीत. मग चहा आला, आमसुली रंगाची एक साडी निघाली आणि दोघींचं एकमत झालं. नाटकवाले पहिल्या प्रयोगाआधी पूर्ण वेशात, पूर्ण प्रकाशात एकदा सगळं करून बघतात, त्याला रंगीत तालीम म्हणतात. मांडवात जे रुसायचं, ते नवी पेठेत आधी रुसून घेतात.

आणि त्या तालमीला नटही असतो. शालू काही ठरेना, तेव्हा तो माणूस उठला. चाळिशी उलटलेली, मिशा भरघोस, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्याने शालूचं टोक पँटच्या पट्ट्यात खोचलं, बोटांवर भराभर निऱ्या घेतल्या, पदर खांद्यावर टाकला आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. चेहरा एकदम कोरा. कोणी हसलं नाही. बालगंधर्वांच्या साड्या आणि नेसण्याची तऱ्हा बघून बायका घरी तसं नेसायच्या, असं आपण ऐकतो; तो मोठा माणूस, मोठी कला. पण पेठेतल्या या माणसाला टाळ्याही नाहीत आणि नाव तर नाहीच. वहिनी त्याच्याकडे एकटक बघत होती. तिला तो दिसतच नव्हता. तिचे डोळे भरून आले तेव्हा मला कळलं की शालू ठरला.

त्याची भाषा तर वेगळीच मौज. व्याह्यांकडच्या आजी इंडीच्या. त्यांना त्याने "बर्री, कूड्री" म्हणून बसवलं. आमच्याशी मराठी, गल्ल्यावरच्या जोडीदाराशी भावाचं कुजबुजणं तेलुगूत, चहाच्या पोराला हाक दख्खनीत, आणि त्या पोराचं उत्तर, "आलालो की ओ!" यातलं काहीही त्याने मुद्दाम केलं नव्हतं. लावणीत मराठीच्या जोडीला इतर भाषा खेळवणारा शाहीर राम जोशी याच गावचा, पेशवाईच्या उत्तरार्धातला. त्याच्या चातुर्याचं कौतुक अभ्यासक करतात, पण मला वाटतं, त्याने फार काही केलं नसावं. बाजारात भाजी घ्यायला जाऊन आला असेल.

एक गोष्ट मात्र दरवेळी टोचते. ज्या गावाची चादर देशभर अंथरली-पांघरली गेली, त्या गावच्या बस्त्यात गावचं कापड किती? शालू बनारसचा, आहेराच्या साड्या सुरतेच्या, अव्वासाठी इरकल, ती कर्नाटकातल्या इलकलची. 1877 मध्ये इथे जुनी मिल उभी राहिली, मग एकामागून एक गिरण्या आल्या आणि गाव भोंग्यावर उठायला, जेवायला, झोपायला शिकलं. अण्णा, माझे वडील, एका गिरणीत साच्यावर होते. भोंगे थांबून आता इतकी वर्षं झाली की भाचीला ते गोष्टीतलेच वाटतात. बस्त्याच्या अगदी शेवटी, हिशोब मांडून झाल्यावर, टॉवेल-टोपीचा विषय निघतो. पुरुषांचा आहेर, त्याचा रंग कोणी विचारत नाही. गठ्ठा समोर येऊन पडला तसा अव्वाने त्यातला एक टॉवेल उचलला आणि नाकाशी नेला. खळीचा वास. "हे आपलं," म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा भावात घासाघीस न करता गप्प बसली.

मग बस्ता बांधला गेला. दुकानदाराने मांजरपाटाची चादर पसरली, साड्यांची चळत मध्ये ठेवली, वर नारळ, हळदकुंकू. बायकांनी गाठोड्याला कुंकू लावलं, जसं माणसाला लावतात.

बाहेर पेठ तुंबलेली होती. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, सगळीकडची लग्नं त्या दिवशी रस्त्यावर उतरली होती. मार्गशीर्ष संपत आला होता. पुढे पौष, पौषात लग्न धरत नाहीत, खरेदीही नको म्हणतात, म्हणून जो तो घाईला आलेला. गाडी कुठे लावली होती हे दादाला आठवेना. गाडी शोधता शोधता आम्ही पार्क चौकाच्या बाजूला निघालो.

तिकडेच हुतात्मा स्मृती मंदिर आहे, आमच्या गावचं नाट्यगृह. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी तिथे एकदा झाड झाले होते. संवाद नव्हता, पण अण्णा पाळी बदलून बघायला आले होते. या गावाने रंगभूमीला बरंच काही दिलं. 'कट्यार काळजात घुसली'मधली झरीना, गायिका-अभिनेत्री फैय्याज इथल्या. 2015 साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. अतुल कुलकर्णी इथे 'नाट्य आराधना' या हौशी संस्थेत काम करून मग दिल्लीला शिकायला गेले. पण मला त्या इमारतीचं नाव जास्त ओढतं. गाण्यानाटकाच्या जागेला आम्ही फाशी गेलेल्या माणसांची आठवण दिली आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांनी या शहरावर मार्शल लॉ लावला आणि 12 जानेवारी 1931 रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. चार नावं एका ओळीत वाचली तरी गावात कोण कोण राहतं ते कळतं. दरवर्षी 12 जानेवारीला चौघांच्या पुतळ्यांना हार पडतात आणि दुसऱ्या दिवसापासून सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस सुरू होतात. इथे दुखवटा आणि लग्नघाई यांच्यामध्ये एका रात्रीचंच अंतर आहे.

हो, लग्नघाईच. घरोघरची लग्नं पौषात थांबतात आणि नेमकं तेव्हाच गाव आपलं एक लग्न लावतं. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर, हेच आमचे सिद्धेश्वर. त्यांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करणाऱ्या कुंभाराच्या मुलीने त्यांच्याशीच लग्न करायचा हट्ट धरला. योग्याने लग्न कसं करावं? त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला सांगितलं. त्या लग्नाचं प्रतीक म्हणून सात नंदीध्वज निघतात, आमच्या बोलीत काठ्या. दोन मजल्यांहून उंच, बाशिंग बांधलेल्या. सिद्धरामेश्वरांनी गावात अडुसष्ट लिंगं स्थापली, त्यांना आधी तैलाभिषेक होतो, म्हणजे घरच्या लग्नातला तेल-हळदीचा दिवस म्हणा. दुसऱ्या दिवशी हिरेहब्बू वाड्यातून वरात निघते आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. पत्रिका कोणालाच नसते. मानपानाची यादी मात्र आमच्या बस्त्याहून कडक: सात काठ्या वेगवेगळ्या समाजांच्या, आणि कोणती पुढे, कोणती मागे, ते ठरलेलं.

काठी पेलणाऱ्याचा आणि तिच्याबरोबर चालणाऱ्याचा पोशाख बाराबंदी. पांढरा, अंगरख्यासारखा, बारा बंदांचा. यंदा आठ वर्षांच्या भाच्याने हट्ट धरला म्हणून त्यालाही शिवून घेतला. तेराला संध्याकाळी अव्वाने त्याला समोर उभं केलं आणि बंद बांधायला घेतले. ती कानडीत मोजत होती: वंदु, येरडु, मूरु. आतले बंद आधी, ते दिसत नाहीत, पण तेच सैल राहिले तर वरचं सगळं घसरतं. पोरगं अंग चोरत होतं, तिची बोटं गार होती. हन्नोंदु झालं आणि तिचा हात काखेखाली चाचपडत राहिला. पुन्हा मोजलं. शिंप्याने बारावा बंद लावलाच नव्हता.

"अकराने काय होतंय? कोण मोजणार आहे?" दादा म्हणाला.

अव्वाने उत्तर दिलं नाही. ती आत गेली. कपाटावर बस्त्याचं गाठोडं होतं, अजून न सोडलेलं. त्या मांजरपाटाच्या काठाची बोटभर पट्टी तिने दातांनी टर्रकन फाडली, चष्मा कपाळावर सरकवून चार टाके घातले. कुंकवाचा एक ठिपका त्या पट्टीवर आला होता. तिने तो तसाच ठेवला. हन्नेरडु.

या लग्नातलं एक मला अजून पचलेलं नाही. अक्षतांच्या दुसऱ्या दिवशी होम मैदानावर होम पेटतो आणि कुंभारकन्येचं प्रतीक अग्नीला दिलं जातं. काल जिला लाखोंनी अक्षता टाकल्या, तिला आज आग. अध्यात्मात त्याचे अर्थ सांगतात, ते मी ऐकलेत. लहानपणी मात्र त्या रात्री आम्हाला त्याच मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, पाळण्यात बसायची घाई असायची, आणि अव्वा कधी बरोबर यायची नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "लेक गेल्यावर कोण पाळण्यात बसतंय?"

आता तिच्या गुडघ्यांनी संमती कट्टा लांब केला आहे. चौदाला सकाळी दादा-वहिनी पोराला घेऊन गेले. नवरी पुण्याहून रात्रीच्या गाडीने आली होती, तीही डोळे चोळत त्यांच्याबरोबर गेली. घरात आम्ही दोघीच. मी शेंगापोळ्या लाटत होते. अव्वा नवी इरकल नेसून टीव्हीसमोर खुर्चीत बसली होती, मूठ घट्ट मिटलेली. पडद्यावर नुसता पांढरा समुद्र. त्यात आमचा पोरगा कुठे असेल, ते शोधायचाही अर्थ नव्हता, तरी मी लाटणं घेऊन येऊन बघून गेले.

संमतीचे शब्द सुरू झाले. 'दिड्डम' असा गजर उठला आणि सगळीकडून अक्षता उडाल्या. अव्वा खुर्चीचा हात धरून उभी राहिली आणि तिने मूठ टीव्हीवर सोडली. तांदूळ काचेवर टिकटिकले, खाली टेबलावर, रिमोटवर, जमिनीवर पडले. पिवळे दाणे. तिने दुसरी मूठ भरली. मग तिसरी.

मी केरसुणी घेऊन आले तर तिने पाय आडवा घातला.

"राहू दे की. लग्नाचं घर हाय."