आधी वस्तू, मग शब्द

'उजळणी' म्हटलं की आमच्या पिढीला पाढेच आठवतात. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की बे एके बे सुरू. पाढ्यांना ती रीत उत्तम होती. पण विज्ञानाची उजळणी घोकून होत नाही, हे माझ्या भाचीबरोबर बसल्यावर मला अगदी स्पष्ट दिसलं.

भाची वाईला असते. सातवीपर्यंत सगळं मराठीतून शिकली. आठवीत सेमी-इंग्रजीच्या तुकडीत गेली. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. सहामाहीत विज्ञानात जेमतेम पास झाली. 'झेपत नसेल तर तुकडी बदला,' असं शाळेतून सुचवलं गेलं. तुकडी बदलण्यात काही कमीपणा नव्हता. पण दिवाळीच्या सुटीत माझ्याकडे साताऱ्याला आली ती एकच पालुपद घेऊन. "मावशी, मला सायन्स जमतच नाही. माझं डोकंच त्यातलं नाही."

तेरा वर्षांच्या मुलीनं स्वतःबद्दल असा निकाल देऊन टाकावा, याची मला गुणांपेक्षा जास्त काळजी वाटली. नर्सिंग, शेतीची पदवी, औषधनिर्माण, किती दारं तिनं आठवीतच स्वतःच्या हातानं लावून घ्यायची!

मी शिक्षिका नाही. बी.एस्सी. होऊन बरीच वर्षं झाली. पण सहावी-सातवीचे मूळ मुद्दे पक्के असले की पुढची इमारत उभी राहते, एवढं ठाऊक होतं. म्हटलं, "पुस्तक राहू दे कपाटात. चल, स्वयंपाकघरात."

सकाळी वाटीभर पाण्यात बेदाणे टाकले. संध्याकाळी ते टम्म फुगले. त्याच वेळी चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवलं, तर ताटलीत पाणी सुटलं.

"बेदाण्यात पाणी आत गेलं, काकडीतून बाहेर आलं. असं उलट का गं?"

बराच वेळ ती दोन्हीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "जिकडे साखर नाहीतर मीठ जास्त, तिकडे पाणी जातं?"

"बरोबर. पेशीच्या पातळ पडद्यातून ते ये-जा करतं. याचंच नाव ऑस्मॉसिस. मराठीत परासरण."

"एवढंच होय?" ती म्हणाली. पंधरा दिवस ती त्या शब्दाचं स्पेलिंग पाठ करत होती!

दुसऱ्या दिवशी मटकीची पाळी. फडक्यात बांधलेल्या मोठ्या पुरचुंडीत हात घालायला लावला. आतली मटकी किंचित कोमट लागली. गॅस नाही, ऊन नाही, मग ऊब कुठून? मोड येताना बी साठवलेलं अन्न वापरतं, श्वसन करतं, त्यातून ती उष्णता निघते. मग तिनं विचारलं, "पण झाडं श्वसन फक्त रात्री करतात ना?" हा गैरसमज अनेक मोठ्यांचाही असतो. श्वसन, म्हणजे रेस्पिरेशन, चोवीस तास चालतं. प्रकाशसंश्लेषण, म्हणजे फोटोसिंथेसिस, मात्र उजेड असला तरच. चार मोड अंधारात आणि चार खिडकीशी ठेवले. दोन-तीन दिवसांत खिडकीतले हिरवे झाले, अंधारातले पिवळट, लांबुडके राहिले. ते बघितल्यावर वेगळं समजवावं लागलं नाही.

एव्हाना मला वाटत होतं, अडचण इंग्रजीचीच आहे. पण भूगोल निघाला आणि वेगळंच कळलं. भूगोल तर मराठीतूनच होता. 'पर्जन्यछायेचा प्रदेश' याची व्याख्या तिनं घडाघडा म्हटली. मी विचारलं, "असा एखादा प्रदेश पाहिलायस का?" "नाही बाई!"

वाईची मुलगी ती! जेमतेम ३०-३५ किलोमीटरवरच्या महाबळेश्वरात वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि वाईत १००० मिलिमीटरसुद्धा नाही. अरबी समुद्रावरचे ओले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात, तिथेच रिते होतात. पलीकडे उतरताना ते तापतात, मग आपल्या वाट्याला उरतं ते थोडंच. हे सांगितल्यावर ती एकदम म्हणाली, "म्हणजे घाटावर काळंकुट्ट दिसतं आणि आमच्या अंगणात नुसती भुरभुर, ती हीच?"

हीच. शब्द मराठी होता, तरी तिला परकाच होता. वस्तूशी गाठ पडली नाही तर कुठल्याही भाषेतला शब्द पोकळच राहतो.

शेवटी ऋतू. "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते," हे तिचं ठाम उत्तर. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, आपण स्वेटर घालून बसतो तेव्हा! मोसंब्यात विणायची सुई तिरकी खुपसून दिव्याभोवती फिरवली. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. जो गोलार्ध सूर्याकडे झुकतो, तिथे किरण सरळ पडतात, दिवस मोठा होतो, उन्हाळा येतो. मोसंबं तिनंच चार वेळा फिरवलं आणि मग आजोबांना बोलावून त्यांनाही समजावून दिलं. माझ्या मते खरी उजळणी ती. दुसऱ्याला सांगता आलं, म्हणजे आपलं झालं.

सुटी संपताना तिच्या वहीत तीन रकाने होते. काय पाहिलं, मराठी शब्द, इंग्रजी शब्द. क्रम हाच. तुकडी तिनं बदलली नाही. पुढच्या चाचणीत पहिला-दुसरा नंबर आला असं काही नाही, पण गुण बरे पडले. आणि वर्गात हात वर करून तिनं प्रश्न विचारला, हे तिनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

आयांनो, मावश्यांनो, मुलांचा अभ्यास इंग्रजीतून आहे म्हणून आपण मागे सरू नये. काकडी, मटकी, मोसंबं आपल्याच हाताखालचं आहे. रोज अर्धा तास पुरतो. मुलाला एखादा शब्द अडला, तर आधी त्यामागची वस्तू दाखवावी आणि तिच्याबद्दल त्याला घरच्या भाषेत बोलू द्यावं. शब्द मग त्याच्या लक्षात राहतो.