माझी चार महिन्यांची चूक

परिसर अभ्यासात अन्नाचा पाठ आला की वर्गातलं कोणीतरी विचारतंच, "बाई, तुम्ही जपानात काय खायचा?" मी वरण-भात सांगून वेळ मारून नेते. खरं उत्तर जरा लांबलचक आहे. ते मुलांपेक्षा तुम्हा शिक्षकांना आणि पालकांना सांगावं असं वाटलं, म्हणून लिहिते आहे.

मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही दोन वर्षं तोक्योत होतो, निशिकासाई भागात. तिथे भारतीय लोक खूप, त्यामुळे तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं मिळायचं. भारतीय मुलांच्या एका शाळेत मला बालवाडीच्या वर्गावर मदतनीस म्हणून काम मिळालं. घरी काही अडचण नव्हती. अडचण होती बुधवारची. शाळा सुटल्यावर मी जपानी शिकायच्या वर्गाला जायचे आणि मध्ये जेमतेम अर्धा तास मिळायचा. डबा उघडायला जागा नाही, गाडीत किंवा रस्त्याने चालता चालता खाणं तिथे बरं दिसत नाही. मग स्टेशनजवळचं उदोनचं छोटं दुकान सापडलं. उदोन म्हणजे जाड शेवया, गरम पाण्यासारख्या पातळ रश्शात.

माझं माहेर वारकऱ्यांचं. बाबा माळकरी, मीही दहावीनंतर माळ घातली. म्हणून पहिल्याच दिवशी दुकानातल्या आजोबांना विचारून घेतलं, "निकु?" निकु म्हणजे मांस. त्यांनी मान हलवली, नाही. वर नुसती कांद्याची पात आणि तळलेला तोफू. झालं! दर बुधवारी दारातल्या मशीनमध्ये पैसे टाकायचे, बटण दाबायचं, तिकीट आजोबांना द्यायचं. गार पाणी फुकट. कोणी "अजून काय घेणार?" म्हणून डोक्यावर उभं राहत नाही. (सुरुवातीला एका दुसऱ्या हॉटेलात मी टेबलावर 100 येन ठेवून निघाले, तर तिथली मुलगी नाणं घेऊन माझ्यामागे पळत आली. तिला वाटलं मी विसरले. तिथे टीप देत नाहीत हे मला तेव्हा कळलं.)

असे चार महिने गेले. एका बुधवारी मी लवकर पोचले. आजोबा मोठ्या पातेल्यात पिशवीतून काहीतरी ओतत होते. सुतार रंधा मारतो तेव्हा निघतात ना, तशी पातळ तपकिरी सालपं. वास ओळखीचा होता, माझ्या रश्शाचाच. मी बोट दाखवून विचारलं. ते काहीतरी म्हणाले, मला समजेना. मग त्यांनी कागद घेतला आणि चित्र काढलं. मासा.

कात्सुओ नावाचा मासा उकडून, धूर देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात आणि मग किसतात. तो कीस गरम पाण्यात घालून गाळला की दाशी होते. तिकडच्या बहुतेक रश्शांचं, सुपांचं मूळ तेच.

आजोबा खोटं बोलले नव्हते. निकुमध्ये मासा धरत नाहीत. आणि मी मराठीची बाई! आपणही मांस-मच्छी असे दोन वेगळे शब्द म्हणतोच की. तिसरीच्या पेपरात चुकीचा प्रश्न काढून मुलांचे गुण कापावेत, तसा राग मला त्यांच्यावर आला होता, तो तिथेच ओसरला. रडू मात्र आलं. हातातलं तिकीट दाखवून मी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, मासा न घालता काही मिळेल का? त्यांनी दोन्ही हातांची फुली केली. एकही पदार्थ नाही. मग गल्ला उघडून तिकिटाचे पैसे माझ्यासमोर ठेवले आणि वाकून माफी मागितली. आपल्याकडे "व्हेज आहे ना?" विचारलं की गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून "हो हो मॅडम" ऐकायची सवय मला. हे स्वच्छ "नाही" मला त्या दिवशी फार लागलं. पण पुढे त्या देशात मी ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, ते हेच "नाही".

त्यानंतर मी प्रश्न बदलला. मांस, मासा, दाशी, तिन्ही वेगवेगळं लिहिलेलं कार्ड पर्समध्ये ठेवलं. दहापैकी नऊ ठिकाणी फुलीच मिळायची. पण त्या कार्डामुळेच एका बाईंनी मला शोजिन र्‍योरी सांगितली, बौद्ध मठांतलं जेवण. त्यात दाशी करतात ती कोम्बु नावाच्या समुद्री वनस्पतीची आणि वाळवलेल्या शिताके अळंबीची. आणि गंमत म्हणजे कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य, आपल्या चातुर्मासासारखं. पहिल्यांदा ते ताट समोर आलं तेव्हा मला आमच्या घरच्या एकादशीची आठवण झाली, पदार्थ काहीच सारखे नसताना.

घरी सांगायचं धाडस व्हायला आठवडा लागला. फोनवर बाबांना सगळं सांगितलं, माळ काढून ठेवू का विचारलं. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "त्या माणसाने पैसे परत दिले म्हणालीस?"

"हो."

"मग माळ राहू दे. पुढे नीट विचारून खा." आणि फोन ठेवता ठेवता, "आईला मात्र सांगू नको."

आईला अजून सांगितलेलं नाही.