वस्तू आपली, पाणी कोणाचे?

भिलाईच्या झोतभट्ट्या लोहदगडावर जितक्या, तितक्याच तांदुळा धरणातून कालव्याने येणाऱ्या पाण्यावर पोसलेल्या आहेत. पोलादाच्या या नगरीत नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी घरांतले गणपती तळ्यात विसर्जित होतात. क्वचित मूर्तीबरोबर एखादा दागिनाही पाण्यात जातो; मग काठावरच्या एखाद्या पोहणाऱ्या मुलाची विनवणी होते. या बुडीसाठी परवानगी मागावी, असे कोणाच्या मनात येत नाही. वस्तू आपली असते आणि पाणी जागच्या जागी राहते.

पाणीच हलवायचे ठरले, की प्रश्नाचे स्वरूप पालटते. मे २०२३ मध्ये छत्तीसगडच्याच कांकेर जिल्ह्यात, परलकोट जलाशयाच्या सांडव्याच्या पाण्यात, एका अन्न निरीक्षकाचा सुमारे लाखभर रुपयांचा मोबाइल पडला. गावकऱ्यांनी बुड्या मारून पाहिल्या. हाती काही लागले नाही. तेव्हा डिझेल पंप लावून सलग काही दिवस उपसा चालला. जलसंपदा खात्याच्या एका अधिकाऱ्याने थोडे फूट पाणी काढण्यास तोंडी संमती दिली होती, असे पुढे आले. उपसा मात्र त्याहून पुष्कळ अधिक झाला. मोबाइल सापडला, पण निकामी होऊन. निरीक्षक निलंबित झाला. खात्याने हिशोब मांडला : ४,१०४ घनमीटर पाणी, दर १० रुपये ५० पैसे, म्हणजे ४३,०९२ रुपये, शिवाय विनापरवाना उपशाचे १०,०००.

हा हिशोब चोख आहे, तरीही अपुरा आहे. आंघोळ, धुणे, गुरांचे पाणी या गावाच्या सामाईक वहिवाटीला छत्तीसगडात 'निस्तार' म्हणतात. त्या शब्दात पाण्याला दर नाही, हक्क आहे. आणि तो एकट्याचा नाही. हरवलेल्या वस्तूवरची मालकी पाण्यात पडल्याने बुडत नाही, हे खरे. परंतु त्या मालकीपोटी पाण्यावर हक्क उत्पन्न होत नाही.

म्हणूनच लेखी परवानगी ही केवळ कारकुनी औपचारिकता नव्हे. किती फूट उपसणार, ते पाणी कुठे सोडणार, ऐन उन्हाळ्यात त्यावर कोणाची गुरे अवलंबून आहेत, हे प्रश्न अर्जाच्या कागदावर टाळता येत नाहीत. तोंडी संमतीत ते कोणी विचारतच नाही. तिथे मागणारा आणि देणारा असे दोघेच असतात. ज्यांचे पाणी असते, ते त्या संभाषणात कुठेच नसतात.