रिकाम्या डिस्कची शेती

२०२१च्या मे महिन्यात माझा मामेभाऊ जेवायला बसता बसता "आज सात प्लॉट झाले" असं जाहीर करायचा. तासगावात प्लॉट म्हणजे एकच गोष्ट: एन.ए. झालेला, चारी कोपऱ्यांना दगड पुरलेला जमिनीचा तुकडा. त्यामुळे दूध घालायला येणाऱ्या काकांनी चौथ्या दिवशी मामाला बाजूला घेऊन विचारलं, पोरगं लॉकडाऊनमध्ये कुठली जमीन काढतंय? मामा म्हणाला, "काँप्युटरमधली." काकांनी मान हलवली. शाळा ऑनलाइन, दहाव्याचे विधीसुद्धा ऑनलाइन चालले होते. जमीनही निघाली असेल, असं त्यांना वाटलं असावं.

ती जमीन 'चिया' नावाच्या नाण्याची होती. ब्रॅम कोहेन हे नाव तुम्हाला माहीत नसेल, पण त्याने केलेली वस्तू माहीत असणार. बिटटॉरेंट त्याचं. कॉलेजच्या हॉस्टेलवर आपण सगळ्यांनी जे सिनेमे 'मित्राकडून' घेतले, ते त्या मित्राकडे ज्या वाटेने आले ती वाट. या माणसाने २०१७मध्ये चिया नेटवर्क ही कंपनी काढली. बिटकॉइन चालवायला जगभर जी वीज जळते ती फुकट जळते, असं त्याचं म्हणणं. बिटकॉइनमध्ये यंत्रं अहोरात्र आकडे दळत बसतात आणि ज्याचं दळण आधी जमतं त्याला नाणी मिळतात. कोहेनची कल्पना अशी की दळायच्या ऐवजी साठवा. लोकांच्या घरात, ऑफिसात हार्ड डिस्कवर जागा रिकामी पडलेली असतेच. ज्याच्याकडे जास्त जागा त्याला जास्त संधी. म्हणून त्यांनी 'खाणकाम' हा शब्दच टाकून दिला आणि 'शेती' म्हणायला लागले. चिया पिकवणारा तो शेतकरी.

मला हे समजलं ते हौजीवरून. हौजीत तिकीट आधी घ्यावं लागतं, नंतर आकडे पुकारतात. इथे तिकीट म्हणजे प्लॉट: अर्थहीन आकड्यांनी खच्चून भरलेली एक फाईल, साधारण १०८ जीबीची. नेटवर्क दर नऊ-दहा सेकंदांनी एक आकडा पुकारतं. तुमचा संगणक आपल्या तिकिटांवर नजर टाकतो आणि जुळणारं काही असेल तर अर्ध्या मिनिटाच्या आत हात वर करतो. तिकीट आयत्या वेळी छापून आणता येत नाही, कारण एक छापायला तेव्हा साध्या संगणकावर आठ-दहा तास लागत. त्यामुळे ज्याने वेळेत उत्तर दिलं त्याने ती जागा खरोखर अडवून ठेवली होती, हे सिद्ध होतं. दिवसाला ४६०८ बक्षिसं, तेव्हा प्रत्येकी २ चिया. आणि पुकारा खोटा करता येऊ नये म्हणून दोन आकड्यांमध्ये ठरावीक वेळ गेलाच पाहिजे, अशीही तजवीज आहे. ते गणित मात्र माझ्या डोक्यावरून जातं.

आता मामाकडे रिकामी जागा कशी आली ते सांगते. मामाचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं, अधूनमधून द्राक्षबागेत पुढाऱ्याचा दौरा. २०२०च्या सुरुवातीला त्याने हप्त्यावर नवा कॅमेरा घेतला आणि वैशाखातल्या तारखांच्या भरवशावर ४ टीबीच्या पाच डिस्क एकदम आणल्या. तो वैशाख आलाच नाही. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सरकारचा आदेश निघाला: लग्नाला २५ माणसं, दोन तास, मोडलं तर ५० हजार दंड. पंचवीस माणसांच्या लग्नात कोण ड्रोन लावणार? नवरीचा भाऊच मोबाइलवर शूटिंग करायचा. मामाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला बरोबर जायचा. मी पुण्यातली खोली सोडून तिथे घरून काम करत होते आणि मामेभाऊ इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कॅमेरा बंद ठेवून.

त्याने कुठेतरी चियाबद्दल वाचलं आणि स्टुडिओतला एडिटिंगचा संगणक ताब्यात घेतला. मुख्य नेटवर्क १९ मार्चला सुरू झालं होतं. ३ मेपासून नाण्यांची देवघेव सुरू झाली, आणि त्याच महिन्यात एका चियाचा भाव हजार डॉलरच्या वर गेला. म्हणजे एक बक्षीस लागलं की दीड लाखाच्या आसपास. मामाच्या हप्त्याचं वर्षभराचं काम झालं असतं.

प्लॉट छापायला आधी वेगवान एसएसडी लागते, कारण एक १०८ जीबीची फाईल बनवताना त्या काळातला प्रोग्रॅम जवळजवळ दीड टेराबाईट लिहून-खोडून घेत असे. मोठी परात घेऊन वाटीभर लोण्यासाठी घुसळत बसावं तसं. तात्पुरती जागा एका प्लॉटला सुमारे २४० जीबी, म्हणून १ टीबीच्या एसएसडीवर एका वेळी तीन. दिवसाला सात. पंचवीस-सव्वीस दिवसांत पाचही डिस्क भरल्या. प्रत्येकीवर ३६, एकूण १८० प्लॉट. एसएसडी किती झिजली ते दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. मामेभाऊ ते रोज उघडायचा आणि आजारी माणसाचा ऑक्सिजन सांगावा तसं सांगायचा, "आज एकोणऐंशी." त्या महिन्यात हा विनोद घरात कुणाला आवडत नव्हता. मामीने एकदा ओरडून तो बंद करवला.

जगात तेव्हा काय चाललं होतं ते पाहिलं की कोहेनच्या मूळ कल्पनेचं काय झालं ते दिसतं. सुरुवातीला नेटवर्कवर शे-सव्वाशे पेटाबाईट जागा होती. एप्रिलअखेर ती एक एक्साबाईटच्या पुढे गेली, म्हणजे दीड महिन्यात जवळपास दहापट. जूनच्या सुरुवातीला दहा एक्साबाईटच्या वर, ऑगस्टमध्ये तीसच्या वर. एवढी जागा लोकांच्या घरात रिकामी पडली नव्हती हो. लोकांनी ती विकत आणली. हाँगकाँग, व्हिएतनाम, चीन इथल्या दुकानांतून मोठ्या डिस्क संपल्या, भाव चढले. विजेचा प्रश्न सोडवायला निघालेल्या नाण्याने डिस्कचे ढीग आणि झिजलेल्या एसएसडी मागे ठेवल्या. वीज खरंच कमी लागते, ते खोटं नाही. आमचं सहा महिन्यांचं बिल चारेक हजारांनी वाढलं असेल. पण फुकटच्या जागेला भाव आला की ती फुकट राहत नाही, हे तासगाव-सांगली रस्त्यालगतच्या कुणाही शेतकऱ्याने कोहेनला चहा पिता पिता सांगितलं असतं.

हिशेब करून बघा. नेटवर्क दहा एक्साबाईट असताना आमच्या १८० प्लॉटना सरासरी १२८ दिवसांत एक बक्षीस. तीस एक्साबाईट झाल्यावर तेच वर्षाच्या वर. म्हणजे आपण जागच्या जागी उभे आणि रांग मागे सरकतेय.

म्हणूनच मामेभावाची नजर कपाटाकडे गेली.

कपाटात आणखी नऊ डिस्क होत्या, त्याच मापाच्या, भरलेल्या. पांढऱ्या टेपवर मार्करने लिहिलेलं: 'तुळस १६', 'वैशाख १७', 'वैशाख १८ – दोन'. एका लग्नाचं सगळं कच्चं शूटिंग अडीचशे जीबी धरा. एका डिस्कवर पंधरा-सोळा लग्नं. त्यांचे अल्बम, पेनड्राइव्ह, सगळं कधीच देऊन झालेलं. मामाच्या बिलबुकावर मागे छापलंय की डेटा सहा महिनेच ठेवला जाईल. मामेभावाने कागदावर मांडलं: चौदा डिस्क, ५०४ प्लॉट, आजच्या दराने ४५ दिवसांत एक बक्षीस. "पप्पा, चार चार वर्षं झाली. कुणी मागायला आलंय का?"

खरं सांगायचं तर त्याच्या हिशेबात चूक नव्हती. मी तो दोनदा तपासला आणि त्याच्या बाजूने बोललेही. हप्ता थकला असता तर कॅमेरा गेला असता, आणि कॅमेरा गेल्यावर त्या नऊ डिस्क कपाटात ठेवून मामाने काय केलं असतं? मामा म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' म्हणजे अर्धा होकार असतो.

पण त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. बुकिंगचे नव्हते. पहिला फोन जवळच्याच गावातल्या एका मुलाचा. वडील मिरजेला दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत; तसबिरीला लावायला फोटो हवा होता. मोबाइलमध्ये होते ते व्हॉट्सॲपवरून फिरून फिरून धुरकटलेले, नाहीतर मास्क लावलेले. मामाने विचारलं, "तुझ्या चुलतबहिणीच्या लग्नात होते की रं ते, अठरा साली?" होते. पण अल्बममध्ये नव्हते. अल्बममध्ये नवरा-नवरी, व्याही, स्टेजवर येणारे पाहुणे. पंगतीत वाढणारा चुलता अल्बममध्ये कशाला येईल? मामाने 'वैशाख १८ – दोन' लावली आणि दोन तास कच्चं शूटिंग पळवत बसला. मी शेजारी होते. अक्षता, वरात, हलगी, पाण्याचे जार, खुर्च्या, पुन्हा खुर्च्या, आणि मग एकदम ते. फेटा बांधून घेतायत. अकरा सेकंद. बांधणाऱ्याला म्हणतायत, "घट्ट नगो, डोस्कं दुखतंय," आणि कॅमेऱ्याबाहेरच्या कुणाकडे तरी बघून हसतायत.

मामाने हसण्याआधीचा क्षण पकडून फोटो काढून दिला. संध्याकाळी मुलाचा परत फोन. हे कुठल्या व्हिडिओतलं आहे? त्यात आवाज आहे का?

महिन्याभरात असे सात फोन आले. प्रत्येक वेळी माणूस सापडला तो तयार फिल्ममध्ये नाही, कापून टाकलेल्या भागात. एक आजी कॅमेरा चालू आहे हे न कळून तो कसला डबा आहे म्हणून वाकून बघत होत्या; त्यांच्या नातीने तेवढाच तुकडा मागितला. पैसे मामाने कुणाकडूनच घेतले नाहीत, यावरून मामीशी थोडं वाजलं, कारण पाच तारीख जवळ येत होती. मामेभावाला त्याने जेवताना एवढंच सांगितलं, "भरलेल्याला हात लावायचा नाही. मोकळ्या हायत त्या कर." मामेभाऊ काही बोलला नाही. नंतरच्या दोन फोनांना तोच शोधायला बसला. त्याची नजर मामापेक्षा तल्लख आहे.

हप्त्याचं म्हणाल तर मामीने तिच्या भिशीचा नंबर लवकर मागून घेतला. त्यात चियाचा काही हात नव्हता.

मला तेव्हापासून एक गोष्ट खुपते. डिस्कच्या लेखी दोन्ही सारखंच: शून्य आणि एक. चिया नेटवर्क तर मुद्दाम अशाच गोष्टी साठवायला लावतं ज्यांचा कुणालाही काही उपयोग नाही, कारण उपयोग नसणं हीच त्यातली सोय आहे. प्लॉट गेला तर दुसरा छापा. जागेवर पैसा मिळवून देणारी दुसरीही पद्धत आहे. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेलं फाईलकॉइन घ्या. त्यात दुसऱ्याचा खरा डेटा सांभाळल्याचा पुरावा देत राहावा लागतो आणि त्याचे पैसे मिळतात. कल्पना मला जास्त पटते. पण त्याला लागणारी यंत्रसामग्री तासगावच्या स्टुडिओला परवडणारी नाही. त्यामुळे मामा जे करतो ते, म्हणजे दुसऱ्याचा डेटा सांभाळणं, फुकटच करतो.

जूनपासून संगणक शेती करत राहिला. त्याची नोंदवही उघडली की ओळी खाली सरकत असायच्या: ० प्लॉट पात्र, ० पुरावे, एकूण १८०. मग एखादी १ प्लॉट पात्र, ० पुरावे. दर वेळी ५१२ तिकिटांतलं एकच तपासायला घ्यायचं असा तेव्हा नियम होता, त्यामुळे आमचा १ साधारण तिसऱ्या ओळीला यायचा. मामी जाता-येता विचारायची, "उगवलं का?" जुलैमध्ये अनेकांनी मिळून खेळायची अधिकृत सोय आली, थोडे थोडे पैसे नियमित मिळण्याची, पण जुने प्लॉट त्यात चालत नव्हते, सगळे पुन्हा छापावे लागणार होते. एसएसडी तोवर पन्नाशीला आलेली. मामेभाऊ म्हणाला, "राहू दे, लॉटरीच बरी."

लागली नाही.

नोव्हेंबरात तुळशीचं लग्न झालं आणि मंडपवाल्यांचे फोन यायला लागले. चियाचा भाव तोवर दोनशे डॉलरच्या खाली आला होता. डिस्क हव्या होत्या. मामेभावाने १८० फाईली निवडल्या आणि पुसून टाकल्या. छापायला पंचवीस दिवस, पुसायला मिनिटही नाही. मामा मागे उभा होता. "काय हुतं यात?" त्याने विचारलं. "काय न्हवतं पप्पा," मामेभाऊ म्हणाला. पुढे २०२४च्या मार्चमध्ये बक्षीस दोनावरून एक चियावर आलं, ठरल्याप्रमाणे. तोवर तो हैदराबादला नोकरीला लागला होता आणि मीच त्याला ती बातमी पाठवली. त्याने हसण्याची खूण परत पाठवली.

पाचपैकी तीनच डिस्क त्या हंगामात गेल्या. 'वैशाख १७' लावली की टकटक आवाज यायला लागला होता, म्हणून उरलेल्या दोन मामाने जुन्या लग्नांची दुसरी प्रत करायला ठेवल्या. नऊ डिस्कचा माल दोनांत मावत नाही, त्यामुळे आधी कुठली लग्नं घ्यायची यावर तो रात्री बसतो. लोक अजून येतात, विचारतात, १६ जीबीचा पेनड्राइव्ह पुढे करतात आणि म्हणतात, सगळंच द्या.